काचेवर भाप, बोट स्क्रीनवर

‘बटणं म्हणजे जुना जमाना. मोबाइल येतो त्याला गाडीची स्क्रीन का जड जाईल? चार दिवसांत सवय होते, नाहीतर तोंडी सांगा. आणि स्क्रीन धोक्याची असती तर त्या गाड्यांना सुरक्षेचे पाच तारे मिळाले असते का?’ हा मजकूर आठवडाभरात मला तिघांनी पाठवला. त्यातला एक माझा भाचा. त्यानं पाठवावा याचं नवल वाटलं, कारण ऑगस्टात दारव्ह्याहून यवतमाळला येताना त्याच्याच नव्या गाडीत मी बाजूला बसलो होतो.

पाऊस कोसळत होता आणि समोरच्या काचेला आतून भाप धरली. वायपर स्टिअरिंगजवळच्या दांडीवर होता, तो चालू होता. पण आतली भाप वायपरनं निघत नाही, त्याला ब्लोअरची हवा काचेवर वळवावी लागते. आमच्या जुन्या गाडीत त्याचं गोल बटण होतं, हात आपोआप जायचा. इथं आधी एसीचं पान उघडा, मग त्यात काचेचं चित्र शोधा. गाडी खड्ड्यात आदळली की बोट भलतीकडेच पडायचं. भाचा म्हणाला, “मामाजी, दिसून नाही राह्यलं.” मी म्हटलं, “थांबव बाप्पा गाडी!” थांबलो तेव्हा पुढं वीसेक पावलांवर बिनदिव्याची ट्रॉली उभी होती.

म्हणून मोबाइलची तुलना मला पटत नाही. मोबाइल आपण ओट्यावर बसून पाहतो. बटण बोटाला चाचपून सापडतं. स्क्रीन सगळीकडून सारखीच गुळगुळीत, ती डोळ्यांनीच शोधावी लागते. ताशी ६० च्या वेगात दोन सेकंद नजर खाली गेली तर गाडी ३३ मीटर आंधळी धावते. समृद्धीवर १२० ला तेच ६७ मीटर. रोही (नीलगाय) आडवा यायला तेवढं पुष्कळ झालं.

सवयीचं म्हणाल तर स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ मासिकानं २०२२ मध्ये ते तपासलंच आहे. चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला, मग ताशी ११० वर एसी-रेडिओसारखी चार कामं करायला लावली. बटणांच्या २००५ च्या व्होल्वोत ती १० सेकंदांत, ३०६ मीटरमध्ये उरकली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीला ४४.९ सेकंद लागले. तोवर ती १,३७२ मीटर गेली होती. सगळ्याच स्क्रीनवाल्या गाड्या इतक्या वाईट ठरल्या नाहीत, हेही खरं. मांडणी सुटसुटीत असेल तर फरक पडतो.

तोंडी सांगण्याबद्दल काय बोलावं! “काचीवरची भाप काळ” हे गाडीला कळत नाही, आणि पुस्तकी मराठीत सांगायला संकटाच्या वेळी कोणाला सुचतं?

पाच ताऱ्यांचा मुद्दा वरवर भक्कम दिसतो. पण ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीचे तारे मुख्यतः धडक झाल्यावर आतली माणसं किती वाचतात त्याचे आहेत. धडक होऊ नये म्हणून बटण कुठं असावं, त्याचे नाहीत. युरोपच्या एनकॅपनं मात्र २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन कॉल यांना हाताला लागणारी बटणं किंवा दांड्या नसतील तर गुण कापायचं ठरवलं. जर्मनीत कार्ल्सरूहच्या न्यायालयानं २०२० मध्येच एका टेस्ला चालकाचा दंड कायम केला: पावसात वायपरचा वेग स्क्रीनवर बदलताना त्याची गाडी रस्ता सोडून गेली होती.

आणि ‘जुना जमाना’? अमेरिकेच्या ब्यूक कंपनीनं रिव्हिएरा गाडीत टचस्क्रीन १९८६ सालीच बसवली होती. काही वर्षांत काढूनही टाकली.

मागे पाहायच्या कॅमेऱ्याला स्क्रीन हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एसीची दोन बटणं खाली ठेवली असती तर काय बिघडत होतं? भाच्याच्या गाडीत आता डॅशबोर्डवर कायम एक दुपट्टा असतो. काच पुसायला.