एलडीएल १७८ आणि वर अजून एक मोदक

आपल्याकडे शुगरला जो मान आहे तो कोलेस्टेरॉलला नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी नुसतं "मला शुगर आहे" म्हणलं की जिलबीचं ताट घेऊन आलेला माणूस दोन पावलं मागे सरकतो, वर आपणहून विचारतो, काका बिनसाखरेचा चहा सांगू का. बीपीवाल्यांचंही बरं चाललंय, त्यांच्यासमोर घरातली भांडणंसुद्धा हळू आवाजात होतात. कोलेस्टेरॉलला मात्र कोण विचारत नाही. त्यात तुमचं वय २८, वजन ४६ किलो आणि तुम्ही बाई असाल तर तुमचं कोलेस्टेरॉल हा आजार नाहीच, तो नखरा आहे, हे सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकलेलं असतं.

माझं निघालं बँकेच्या वार्षिक चेकअपमध्ये. टोटल २४८, एचडीएल ४४, ट्रायग्लिसराइड्स १३०, एलडीएल १७८. एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी, आणि एलडीएल म्हणजे ते वाईटवालं, १०० च्या आत असलं तर उत्तम, १६० च्या पुढे गेलं की रिपोर्टवर ठळक अक्षरात येतं. मला पहिली शंका ही आली की आमच्या मॅनेजर साहेबांचं रक्त चुकून माझ्या खात्यात जमा झालंय, कारण रोज चार वाजता वडापाव मागवणारे ते, आणि त्यांचा रिपोर्ट स्वच्छ. मग रात्री वाचत बसले तर कळलं की बऱ्याच लॅबमध्ये एलडीएल थेट मोजतच नाहीत, वजाबाकी करून काढतात! टोटलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइड्सना पाचने भागून तेही वजा करायचं, १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे म्हणे. म्हणलं चला, आकडेमोड आहे म्हणजे चूक निघू शकते, आपण दिवसभर दुसऱ्यांच्या वजाबाक्याच तर तपासतो. २४८ वजा ४४ वजा २६. एकशे अठ्ठ्याहत्तर. एक्सेलमध्ये टाकून बघितलं तरी तेवढंच.

डॉक्टरांना म्हणलं, अहो पण मी बारीक आहे. ते म्हणाले, "कोलेस्टेरॉल बहुतांशी लिव्हर बनवतं, लिव्हरला वजनकाटा दिसत नाही." थायरॉईड मंद असलं तरी एलडीएल वाढतं म्हणून टीएसएच करायला लावलं, ते नॉर्मल आलं. मग विचारलं घरी कुणाला आहे का. बाबांना आहे, कितीतरी वर्षं रात्री झोपताना एक छोटी पांढरी गोळी घेतात. डॉक्टरांनी "हं" केलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. आता आमच्या कुडाळच्या जमिनीचं सांगते. २००५ च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला, पण आमच्याकडे तो विषय निघाला की बाबा "बघू" म्हणतात आणि काजूच्या कलमांना पाणी घालायला जातात. एलडीएलचा हिस्सा मात्र ना तलाठी ना सातबारा, परस्पर माझ्या नावावर चढला.

एलडीएल १९० च्या खाली आहे, वय कमी आहे, तीन महिने खाणं आणि व्यायाम करून बघू, गोळीचं नंतर ठरवू, असं ठरलं. मला खरंतर गोळी आवडली असती. गोळीला लोक मानतात.

खाण्याचा नियम तसा एकच, सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तूप-खोबऱ्यातली गोठणारी चरबी, कमी. लिव्हरवर एलडीएल पकडून आत घेणारे रिसेप्टर असतात, सॅच्युरेटेड फॅट जास्त खाल्लं की ते कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत बसतं. या रिसेप्टरवरच्या कामासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं आणि तेच नेमके माझ्याकडे कमी पडतायत. दिवसाला साधारण १३ ग्रॅमच्या आत राहायचं आणि तुपाच्या एका मोठ्या चमच्यातच आठ-नऊ ग्रॅम जातात. आमच्या आईकडे तूप ग्रॅममध्ये मोजत नाहीत, धारेत मोजतात, आणि धार तुटली की पहिल्यापासून सुरू करतात.

तिला फोन करून सांगितलं की तूप, खोबरं बंद. तिकडे शांतता. मग म्हणते, "गो, नारळात खंयचा कोलेस्टेरॉल? झाडाक काय लिव्हर असता?"

आता हिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे हीच तर अडचण. कोलेस्टेरॉल फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं, त्यामुळे शेंगदाणा तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापणं म्हणजे केळ्यावर 'हाडे नाहीत' असा शिक्का मारणं आहे. पण खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड फॅट असतं, तुपापेक्षाही जास्त, आणि लिव्हर त्यावर काय करायचं ते करतंच. हे मी आईला समजावलं. ती म्हणाली, मग तुझी पणजी पंच्याण्णव वर्षं काय खाऊन जगली? या प्रश्नावर अजून कुठल्याही देशात संशोधन झालेलं नाही.

मालवणी स्वयंपाकातनं खोबरं काढलं की काय उरतं ते सांगते. भात. काळा वाटाणा कोलेस्टेरॉलला उत्तम, पण त्याच्या सांबाऱ्यात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप. बांगडा, तारली हे तेलकट मासे तर डॉक्टर स्वतःहून खा म्हणाले, ओमेगा थ्री असतं, ट्रायग्लिसराइड्सना चांगलं, पण आमटी नको. म्हणजे आमटीतला बांगडा काढून धुवून खायचा की काय! सोलकढीचं मी विचारलंच नाही, काही उत्तरं ऐकायची माझी तयारी नव्हती.

मग सुरू झालं फायबर. ओट्स, जव, मटकी, चवळी, राजमा, इसबगोल. लिव्हर कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं, विरघळणारं फायबर आतड्यात त्या पित्तातला काही भाग धरून बाहेर घेऊन जातं, मग लिव्हरला नवं पित्त बनवायला रक्तातलं एलडीएल ओढून घ्यावं लागतं. कागदावर किती सुंदर व्यवस्था आहे ही. प्रत्यक्षात सकाळी मटकी आणि दुपारी राजमा खाऊन एसी केबिनमध्ये कर्ज प्रकरणाची मीटिंग असली की माणूस देवाचं नाव घेतो. हे फायबर हळूहळू वाढवायचं असतं आणि बरोबर भरपूर पाणी प्यायचं असतं, हे मला त्या मीटिंगनंतर कळलं. आणि इसबगोल पाण्यात टाकलं की लगेच प्यायचं असतं, मध्ये फोन आला आणि दोन मिनिटं बोलत बसलात तर ग्लास उलटा केला तरी काही पडत नाही.

ऑफिसमध्ये चहाबरोबर खारी बंद केली तर सगळ्यांना कळलं आणि सल्ले चालू झाले. लसूण खा, मेथ्या खा, एकीने तर रोज सकाळी दुधीचा रस सांगितला. हे एक मात्र गंमत सोडून सांगते, दुधीचा रस कडू लागला तर थुंकून टाका, कडू दुधी विषारी असतो. बरं खारीची बाजू घ्यायचा मी खूप प्रयत्न केला, खारीतलं ट्रान्स फॅट म्हणजे सगळ्यात वाईट चरबी, पण सरकारने २०२२ पासून त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातलीय ना, म्हणजे खारी सुटली की! पण त्यात जे पामतेलाचं वनस्पती तूप असतं त्याचं जवळजवळ निम्मं सॅच्युरेटेडच. नाही सुटली.

व्यायामाचं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की त्याने एलडीएल फारसं उतरत नाही, ट्रायग्लिसराइड्स उतरतात, एचडीएल थोडं चढतं, पण हृदयासाठी आठवड्याला १५० मिनिटं हवीतच. मी सकाळची पर्वती धरली. पहिल्या दिवशी निम्म्या पायऱ्यांवर बसले होते तर मागनं एक सत्तरीचे काका माकडटोपीत शिट्टी वाजवत वर निघून गेले. वर त्यांचा ग्रुपच होता. एका काकूंनी विचारलं, काय गं, लग्नासाठी बारीक व्हायला येतेस का, अजून किती होणार? मी म्हणलं, नाही काकू, कोलेस्टेरॉल आहे. सगळे एकदम गप्प झाले आणि मग माकडटोपीवाले काका खाली बसत गंभीरपणे म्हणाले, "किती?"

एकशे अठ्ठ्याहत्तर.

"वा!" ते म्हणाले. "या वयात!"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला सीरियसली घेतलं. मला कट्ट्यावर जागा मिळाली. तिथे लोक एकमेकांचे आकडे पाठ सांगतात, कुणाचे स्टेंट किती, कुणाचं एचडीएल काय, आणि मी त्या सगळ्यांत निम्म्याहून कमी वयाची असूनही माझ्या आकड्यामुळे वरच्या फळीत. काकांनीच मला नाही म्हणायचं शास्त्र शिकवलं. "'डाएट करतेय' हे कधी म्हणायचं नाही, डाएट म्हणलं की आग्रह दुप्पट. 'गोळ्या चालू आहेत' म्हणायचं."

"पण काका, माझ्या नाही चालू."

"कॅल्शियमची घेतेस ना? मग चालूच आहेत की."

हे शास्त्र घेऊन मी गणपतीला कुडाळला गेले. मोठ्या काकी मोदक घेऊन आल्या, मी म्हणलं, गोळ्या चालू आहेत. काकींनी इकडेतिकडे बघितलं आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, कसल्या गोळ्या गो? लग्न ठरेपर्यंत कुणाक सांगू नको हां. आणि सांगताना ताटात दोन मोदक ठेवले, कारण प्रसादाला नाही म्हणत नाहीत आणि प्रसादाचं अंगाला लागत नाही. मोदक म्हणजे आत खोबरं आणि वर तूप, माझ्या कागदावरची दोन्ही नावं एकाच पारीत. सुकट झालीस, सुकट झालीस म्हणत आत्याने तिसरा ठेवला. शेजारी बाबा पाचव्यावर धार घेत होते. मी बघितलं तर म्हणाले, "माझी गोळी असा." मी एक खाल्ला, दुसरा भाचीला दिला, तिसरा पानाखाली गेला, आणि त्यावरून आत्या माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

तीन महिन्यांनी परत रक्त दिलं. टोटल २२२, एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड्स १२५, एलडीएल १५१. वजाबाकी केली, बरोबर आहे. डॉक्टर खूश, नुसत्या खाण्याने २७ उतरलं म्हणाले, बाकी वारशाचं राहणारच, असंच चालू ठेवा, सहा महिन्यांनी परत बघू, गोळी लागली तर घ्यायची, त्यात कमीपणा नाही. पर्वतीवर मात्र माझा भाव पडला. "१५१? एवढं तर आमच्या हिचं असतं," काका म्हणाले आणि एका नवीन आलेल्या २१० वाल्या गृहस्थांकडे वळले.

डॉक्टरांनी अजून एक सांगितलं होतं, वडिलांकडून आलंय तर सख्ख्या भावाचंही बघून घ्या. दादा ३२ चा. दुकानात बसून असतो, पोट काउंटरला टेकतं, रात्री तूपभात झाल्याशिवाय ताटावरून उठत नाही आणि चालणं म्हणजे दुकान ते स्कूटर. मी बरेच दिवस मागे लागले तेव्हा एकदाचा गेला. रिपोर्ट आईने फोनवर वाचून दाखवला, एकेक आकडा सावकाश. एलडीएल ९६.

मी काहीच बोलले नाही. आईच बोलली.

"बघ. तो सगळा खाता, म्हणान त्याचा बरा असा. तू खाणस नाय, म्हणान तुझा वाढता."