वाक्प्रचारांसाठी शाळा बदलू नका

मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजी येते, पण ते त्यांच्यात मुरत नाही, असे माझ्या पुतण्याने फोनवर ठासून सांगितले आणि तेव्हापासून ते विधान मला सलते आहे. साताऱ्याजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. मी तिथेच चौथीपर्यंत शिकलो. तिचा पट दरवर्षी रोडावतो आहे आणि येत्या जूनमध्ये पुतण्या आपल्या मुलीला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत ज्युनिअर केजीत घालणार आहे. पुरावा म्हणून त्याने शेजारच्या पाचवीतल्या मुलाच्या वहीतल्या एका पानाचा फोटो पाठवला. त्यावर खाण्यापिण्याचे इंग्रजी वाक्प्रचार ओळीने लिहिले होते आणि समोर त्यांचे अर्थ होते: पीस ऑफ केक म्हणजे सोपे काम, स्पिल द बीन्स म्हणजे गुपित फोडणे, ब्रिंग होम द बेकन म्हणजे कमावून घर चालवणे. "काका, हे आपल्या शाळेत कोण शिकवणार?" असा त्याचा सवाल होता.

शिकवण्याचाच प्रश्न असेल, तर महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, हे तो विसरतो. पण त्याचा खरा मुद्दा वेगळा आहे. त्याच्या मते बोलताना असे वाक्प्रचार सहज आले, तरच समोरचा माणूस तुम्हाला आपला मानतो. आता समोरचा माणूस कसा बोलतो हे मी इंग्लंडमधल्या लीड्स शहरात राहून रोज ऐकतो, म्हणून या बाबतीत माझे ऐकायला हरकत नसावी. कचेरीत ब्रिंग होम द बेकन क्वचितच कानावर पडते. जे सतत कानावर पडतात, ते त्या पानावर नाहीत. एखादा प्रस्ताव हाफ-बेक्ड म्हणजे अर्धाकच्चा असतो, एखादे काम बॅक बर्नरवर जाते म्हणजे मागे पडते, रस्त्यांची दुरुस्ती हे आमच्या विभागाचे ब्रेड अँड बटर म्हणजे रोजचे मुख्य काम असते, आणि वरून आलेले वेळापत्रक पिंच ऑफ सॉल्ट घेऊनच, म्हणजे पुरता विश्वास न ठेवता, वाचायचे असते. बोलणाऱ्याला आपण स्वयंपाकघरातले काही बोललो याची जाणीवही नसते. हे शब्द त्याला कुणी पाठ करून घ्यायला लावलेले नाहीत.

केकचेच पाहा. केक खायचाही आणि राखायचाही, या अर्थाची म्हण जॉन हेवूडच्या 1546 सालच्या म्हणींच्या संग्रहात आहे. आपल्या पावाच्या कोणत्या बाजूला लोणी लागले आहे हे ओळखणारा माणूस त्याच संग्रहात भेटतो आणि काहीच नसण्यापेक्षा अर्धा पाव बरा, हा सल्लाही तिथेच आहे. त्यानंतर पावणेपाचशे वर्षांनी, ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा की नाही यावरच्या, सार्वमतानंतर, हाच केक थेट राज्यकारभारात आला. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी केक ठेवणे आणि खाणे हेच आपले धोरण आहे असे उघड सांगितले, आणि 2016 च्या नोव्हेंबरमध्ये डाउनिंग स्ट्रीटवरून बाहेर पडणाऱ्या एका सहायकाच्या हातातल्या हस्तलिखित टिपणात तेच शब्द छायाचित्रकारांनी टिपले. युरोपीय बाजारपेठेचे फायदे हवेत, पण तिचे नियम नकोत, ही सगळी भूमिका त्या एका म्हणीत मावत होती.

त्याआधीच, त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, ब्रसेल्समध्ये युरोपीय परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष डोनाल्ड टुस्क यांनी तिला उत्तर दिले होते. ज्यांचा या तत्त्वज्ञानावर विश्वास आहे त्यांनी एक केक विकत घ्यावा, खावा आणि तो ताटलीत उरतो का ते पाहावे, असे ते म्हणाले. कुणासाठीही टेबलावर केक नसेल, फक्त मीठ आणि व्हिनेगर असेल, असेही त्यांनी बजावले. इथे चिप्सवर काय घालतात हे ज्याला माहीत आहे, त्याला तो घाव कुठे बसला हे लगेच कळले. हे टुस्क ग्दान्स्कचे, पोलिश भाषेत इतिहास शिकलेले. 2014 मध्ये युरोपीय परिषदेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा त्यांच्या कच्च्या इंग्रजीवरून प्रश्न विचारले गेले होते, आणि मी माझे इंग्रजी घासूनपुसून घेईन असे त्यांना सांगावे लागले होते. दोनच वर्षांत त्यांनी इंग्रजांची म्हण इंग्रजांवरच उलटवली. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही असते आणि ज्याचे विचार स्वतःच्या भाषेत पक्के झालेले असतात, तो परक्या भाषेची म्हण गरजेपुरती शिकून घेतो, हे मी पुतण्याला सांगितले. "ते टुस्क आहेत, माझी मुलगी तीन वर्षांची आहे," असे त्याचे उत्तर आले. तीन वर्षांची आहे म्हणूनच मी बोलतो आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे आहे. आमच्या एका बैठकीत वरिष्ठ बाईंनी एका अहवालाला 'क्युरेट्स एग' म्हटले, तेव्हा याच शहरात जन्मलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्याने मला हळूच त्याचा अर्थ विचारला. मला तो ठाऊक होता. 1895 साली 'पंच' साप्ताहिकात जॉर्ज द्यू मोरिए यांचे एक व्यंगचित्र आले होते. बिशपच्या घरी न्याहारीला बसलेल्या नवख्या, हाताखालच्या पाद्र्याच्या ताटात खराब अंडे येते. बिशप तसे बोलून दाखवतात, तर तो घाईघाईने म्हणतो की नाही, नाही, याचे काही भाग उत्तम आहेत. खराब अंड्याचा एखादा भाग चांगला कसा असेल? पण यजमानाच्या टेबलावर, वरिष्ठासमोर, वाईटाला वाईट म्हणता येत नाही. त्या बैठकीतही कुणी अहवालाला वाईट म्हटले नाही. आपल्याकडे अशा वेळी लोक मूग गिळून बसतात. इथे ते काही भागांचे कौतुक करतात. ही समाजरीत कळायला मला कित्येक बैठका लागल्या, आणि इथेच वाढलेल्या त्या मुलाला रीत अंगवळणी होती, फक्त तिचे नाव ठाऊक नव्हते. अर्थाच्या रकान्यात 'काही बरे, काही वाईट' एवढे लिहून ती कुणाच्या हाती लागणार नाही.

पुतण्याच्या बोलण्यात दोन दावे एकाच वेळी असतात आणि ते एकमेकांना छेद देतात, हे त्याला दिसत नाही. मराठीचा विषय निघाला की तो म्हणतो, भाषा हे साधन आहे, तिच्यात भावना कशाला गुंतवायच्या. इंग्रजीचा विषय निघाला की म्हणतो, ती लहानपणापासून अंगात भिनली पाहिजे. ती नुसते साधन असेल तर दहाव्या वर्षीही नीट शिकता येईल आणि त्यासाठी घरची भाषा शाळेबाहेर काढावी लागणार नाही. ती भिनावी लागत असेल तर ती इथल्या घरांतून, शाळेच्या जेवणाच्या रांगेतून, रविवारच्या रोस्टवरून भिनते. इंग्रजी नावाच्या शाळेत, मराठी घरांतून आलेल्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलेल्या अर्थांतून ती भिनत नाही. त्या बाईंचा यात काही दोष नाही.

तुमची मुलगी तर इंग्रजी शाळेतच जाते, हा टोमणा मला दर वेळी ऐकावा लागतो. जाते, कारण इथे रस्त्याची भाषाच ती आहे. राजकारण्यांची आश्वासने ऐकून ती 'जॅम टुमॉरो', म्हणजे कधीच न येणाऱ्या उद्याचा वायदा, असे म्हणते, ते कुठून उचलले हे तिलाही सांगता येणार नाही. पण शनिवारी ती इथल्या मराठी वर्गाला जाते, आणि परवा तिने तिथला कागद आणून दाखवला. त्यावर खाण्यापिण्याच्या मराठी म्हणी ओळीने होत्या आणि समोर अर्थ: शितावरून भाताची परीक्षा, आवळा देऊन कोहळा काढणे, ताकाला जाऊन भांडे लपवणे. सगळे तिचे तोंडपाठ होते. आमच्या घरी भात कुकरमध्ये आपोआप शिजतो आणि बटण वर आले की झाला असे समजतो. झाकण काढून एक शीत दोन बोटांत दाबून पाहणारे कुणी तिने पाहिलेले नाही. कोहळाही पाहिलेला नाही. शेजाऱ्याकडे ताक मागायला जाण्याचा संकोच काय असतो, हे मी तिला सांगू शकतो, पण तिला तो वाटणार नाही.

पुतण्याने पाठवलेले पान आणि हा कागद यांची मांडणी हुबेहूब एक आहे. एक मूल इंग्लंडमध्ये राहून मराठी असे शिकते, याचा मला इलाज नाही. आम्ही निघून आलो, त्याची ती किंमत आहे आणि ती आम्ही भरतो आहोत. पण साताऱ्यात, आजी शेजारी बसलेली असताना, एखाद्या मुलीला आपल्याच भाषेत असे पाहुण्यासारखे वाढवायचे, हे माझ्या गळी उतरत नाही. इथे मला प्रत्येक वाक्प्रचार समजतो आणि तरी रागाच्या किंवा आनंदाच्या भरात माझ्या तोंडून त्यातला एकही बाहेर पडत नाही. तेव्हा जे बाहेर पडते ते त्या चौथीपर्यंतच्या शाळेतले आणि आईच्या चुलीपाशी ऐकलेले असते, आणि ते कळणारे माणूस या घरात बायकोशिवाय कुणी नाही.

म्हणून माझा आग्रह केवळ शिक्षणशास्त्राचा आहे असे मी म्हणणार नाही. मुलांनी शक्यतो किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकावे असे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते, आणि तेवढा आधार पुतण्याशी वाद घालायला मला पुरेसा आहे. पण ती शाळा चालू राहावी असे मला वाटण्याचे आणखी एक कारण आहे: माझ्या मुलीला मी तिथे घालू शकलो नाही, आणि आमच्या घरातले कुणीतरी त्या वर्गात बसावे अशी माझी इच्छा आहे. हे मी पुतण्याला अजून सांगितलेले नाही. प्रवेशाला अवकाश आहे, या आठवड्यात सांगणार आहे.