मॅकबेथच्या पापाचे खापर

गेल्या आठवड्यात आत्याने आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर 'बायकोने बुडवलेला वीर' अशा मथळ्याचा, शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' नाटकाबद्दलचा एक लांबलचक मजकूर पाठवला. त्यात सांगितले होते ते असे: मॅकबेथ हा मुळात निष्पाप आणि राजनिष्ठ सेनापती होता; त्याच्या महत्त्वाकांक्षी बायकोने त्याला एकामागून एक खून करायला लावले; चेटकिणींनी त्याचे नशीब आधीच ठरवून टाकल्यामुळे त्याचा इलाज नव्हता; अखेर बायकोच्या मृत्यूच्या दुःखाने वेडा होऊन त्याने स्वतःचा जीव घेतला; आणि हा सगळा स्कॉटलंडचा खरा इतिहास आहे. एवढ्यावरच थांबले असते तर मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केले असते. परंतु माझ्या चुलतभावाचा धंदा यंदा बसला आहे आणि मजकुराखाली आत्याने स्वतःचे एक वाक्य जोडले होते, 'काही घरांत अजूनही हेच चालते.' वहिनी त्याच गटात आहेत. म्हणून हे उत्तर.

मजकूर लिहिणाऱ्याने नाटक उघडून पाहिलेले नाही, हे पहिल्या अंकातच उघडे पडते. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात चेटकिणी मॅकबेथला 'तू राजा होशील' एवढेच सांगतात. 'खून' हा शब्द त्यांच्या भाकितात नाही. तो उच्चारतो स्वतः मॅकबेथ, स्वगतात, आणि त्या विचाराने अंगावर काटा उभा राहतो अशी कबुलीही देतो. पुढच्याच प्रवेशात राजा डंकन आपल्या मुलाला, माल्कमला, वारस जाहीर करतो, तेव्हा मॅकबेथ ताऱ्यांना विनवतो की आपला प्रकाश झाका, माझ्या मनातली काळी इच्छा कोणाला दिसू देऊ नका. तोपर्यंत लेडी मॅकबेथ रंगमंचावर आलेलीच नसते. ती प्रथम दिसते पाचव्या प्रवेशात, नवऱ्याचे पत्र वाचताना. जी बाई अजून नाटकात आलेलीच नाही, तिने हा विचार त्याच्या डोक्यात कसा घातला, हे मजकूरकर्त्याने एकदा समजावून सांगावे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. सातव्या प्रवेशात मॅकबेथ माघार घेतो, 'आता हे पुढे न्यायचे नाही' असे स्वच्छ सांगतो, आणि तेव्हा ती त्याच्या पुरुषत्वाला डिवचून त्याला पुन्हा त्या वाटेवर आणते. पहारेकऱ्यांना दारू पाजून झोपवण्याची युक्ती तिची, त्यांच्या अंगाला रक्त फासणारे हातही तिचेच. त्या रात्री ती नसती तर डंकन कदाचित सकाळी जिवंत उठला असता. पण त्याच प्रवेशात ती नवऱ्याला ऐकवते की ही गोष्ट प्रथम तुम्हीच माझ्यापाशी काढली होती, आणि तो ते नाकारत नाही. शिवाय खंजीर चालवणे तिच्याने होत नाही. झोपलेला म्हातारा राजा तिला आपल्या वडिलांसारखा दिसतो, म्हणून ती मागे फिरते. मॅकबेथ फिरत नाही.

'एकामागून एक खून करायला लावले' हे वाक्य तर निव्वळ खोटे आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान तेच करते. डंकनच्या पहारेकऱ्यांना मॅकबेथ परस्पर मारून टाकतो. ते कोणत्याही बेतात ठरलेले नव्हते. आपला सोबती सेनापती बँको याच्या खुनासाठी मारेकऱ्यांशी बोलणी तो एकटा करतो. ज्यांच्या मनात अजूनही शंका असेल त्यांनी तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश वाचावा. माझ्या मते या एका प्रवेशापुढे तो सगळा मजकूर टिकत नाही. तिथे लेडी मॅकबेथ नवऱ्याला समजावत असते की झाले ते झाले, आता मनातून काढून टाका, पाहुण्यांसमोर हसतमुख राहा. बँकोचे काहीतरी शिजते आहे असे वाटून ती विचारते, 'काय करायचे ठरवले आहे?' आणि तो लाडाने उत्तर देतो की तुला ते ठाऊक नसलेलेच बरे, काम झाले की मग वाहवा कर. म्हणजे ज्या बाईने सगळे घडवून आणले असे हे मजकूरवाले म्हणतात, तिला दुसऱ्या खुनाचा पत्ताही नाही, आणि तिला अंधारात ठेवणारा तिचा नवराच आहे. चौथ्या अंकात फाइफचा सरदार मॅकडफ निसटल्याचे कळताच तो मॅकडफच्या बायकोला आणि मुलाबाळांना मारण्याचा हुकूम सोडतो. तेव्हा ती आसपासही नसते. ती पुन्हा दिसते पाचव्या अंकात, झोपेत चालताना, हात चोळत, 'फाइफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे?' असे पुटपुटत. न केलेल्या खुनाचेही ओझे तिच्या मनावर आहे. ते करवणाऱ्याने मात्र तिला वैद्यावर सोपवून आपल्याला लढाईच्या तयारीला वाहून घेतलेले आहे.

मग सगळा भार तिच्यावर पडल्यासारखा का वाटतो? याला कारण आहे, आणि ते नाटकाच्या जन्मकाळात सापडते. शेक्सपिअरने कथानक घेतले ते होलिन्शेड या इंग्रज इतिहासकाराच्या बखरीतून. त्या बखरीत मॅकबेथ आपला बेत विश्वासू मित्रांना सांगतो आणि बँको त्यातला प्रमुख साथीदार असतो. डंकनही तिथे म्हातारा संत नसून ढिला राज्यकर्ता आहे. बायकोचा तगादा बखरीतही आहे, हे खरे. पण नाटक लिहिले गेले १६०६ च्या सुमारास, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या कारकिर्दीत, आणि त्याचे स्टुअर्ट घराणे आपले मूळ बँकोपर्यंत नेत असे. राजाच्या पूर्वजाला खुनी दाखवणे शक्य नव्हते, म्हणून बँको निर्दोष झाला, बाकीचे साथीदार गळाले आणि बेतात उरली एकटी बायको. (राजाला संसदेसह उडवून देण्याच्या १६०५ च्या दारूगोळा कटानंतर राजहत्येचे नाटक करताना लेखकाने किती जपून पावले टाकली असतील, याची कल्पना करावी.) डंकनला वृद्ध आणि सज्जन करून शेक्सपिअरने मॅकबेथच्या सबबी एकेक करून काढून घेतल्या. मजकुराने त्या परत आणून त्याच्या ओंजळीत घातल्या आहेत.

नशिबाच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करत नाही. भाकीत बँकोनेही ऐकले होते. आपला वंश राज्य करील असे त्यालाही सांगितले गेले होते. त्याने कोणावर सुरी उगारली नाही, उलट अंधाराच्या या शक्ती लहानसहान खरे सांगून मोठ्या गोष्टीत दगा देतात, असा इशारा मॅकबेथला तिथल्या तिथे दिला. आणि नशिबातच लिहिले होते, तर बँकोच्या वंशाबद्दलचे भाकीत खोटे पाडण्यासाठी मॅकबेथने मारेकरी का पाठवले?

'खरा इतिहास' तर त्याहूनही पोकळ आहे. खरा डंकन तरुण होता आणि १०४० मध्ये एल्गिनजवळ लढाईत मारला गेला, बिछान्यात नव्हे. खऱ्या मॅकबेथने त्यानंतर सतरा वर्षे राज्य केले, १०५० मध्ये तो रोमच्या यात्रेला जाऊन आला, आणि १०५७ मध्ये लुम्फानन येथे माल्कमच्या सैन्याशी लढताना पडला. त्याच्या राणीचे नाव ग्रुओख. लॉख लेव्हन येथील साधूंना दिलेल्या जमिनीच्या दानपत्रात तिचे नाव नवऱ्याच्या बरोबरीने येते. तिच्या हाताला रक्त लागल्याचा कोणताही पुरावा नाही.

राहिला शेवट. शिरवाडकरांनी १९५४ मध्ये 'राजमुकुट' या नावाने हे नाटक मराठीत आणले, तेव्हा निदान मराठी माणसाने तरी मॅकबेथने आत्महत्या केली असे पसरवू नये. नाटकात स्वतःचा जीव घेतल्याचे सांगितले जाते ते लेडी मॅकबेथबद्दल. तिच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा मॅकबेथला शोक करायलाही सवड नसते. तो आयुष्याच्या निरर्थकतेबद्दल बोलतो आणि पुढच्याच निरोप्याकडे वळतो. रोमन मूर्खांसारखे आपल्याच तलवारीवर का मरावे, असे तो स्पष्ट विचारतो. मॅकडफ समोर येतो तेव्हा मात्र तो क्षणभर थबकतो आणि त्याला बाजूला व्हायला सांगतो, कारण तुझ्या माणसांच्या रक्ताने माझा आत्मा आधीच जड झाला आहे, असे तो म्हणतो. बाईच्या पोटी जन्मलेला कोणी तुला मारू शकणार नाही, असे भाकीत त्याला मिळालेले असते; मग मॅकडफला आईचे पोट फाडून बाहेर काढले होते हे कळते, तेव्हा तो दुटप्पी बोलणाऱ्या चेटकिणींना शिव्या देतो, ढाल पुढे धरतो आणि लढत मरतो. या सगळ्या बोलण्यात तो बायकोला एका शब्दानेही दोष देत नाही.