सिलिंडर आडवा करून चहा मांडणाऱ्यांसाठी

‘चहाचा गॅस निम्मा वाचवा, पाच घरगुती उपाय’ असा एक मेसेज सध्या बचत गटांच्या ग्रुपवरून गावोगाव फिरतो आहे. घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी तो खरा मानून सिलिंडर आडवा करायला घेतला, म्हणून हे लिहावं लागतंय. उपाय असे: संपत आलेला सिलिंडर आडवा करा किंवा उकळत्या पाण्यात ठेवा, पाण्यात चिमूटभर मीठ टाका, लवकर उकळतं, चहापत्ती कमी टाकून दहा मिनिटं उकळा, ज्योत मोठी ठेवा, काम लवकर उरकतं, नाहीतर सरळ इलेक्ट्रिक केटली घ्या, बिलात कळतही नाही.

आधी सिलिंडर. आत गॅस पातळ स्वरूपात असतो आणि त्याच्यावर त्याची वाफ. व्हॉल्व्ह वर असतो तो वाफच बाहेर यावी म्हणून. रेग्युलेटरही वाफेसाठीच बनवलेला आहे. आतला मोठा दाब तोडून तो शेगडीला चौरस सेंटिमीटरला 30 ग्रॅम एवढाच दाब देतो. सिलिंडर आडवा केला की व्हॉल्व्हच्या तोंडाशी पातळ गॅस येऊ शकतो. एक माप पातळ गॅसाची वाफ साधारण अडीचशे मापं होते, आणि ती नळीत किंवा बर्नरवर एकदम फुलते. ज्योत अचानक भडकते ती यामुळेच. मेसेज लिहिणाऱ्याला तो भडका म्हणजे ‘उरलेला गॅस निघाला’ असं वाटलेलं दिसतं.

आपल्याकडे धोका आणखी वाढतो, कारण चहा गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी चुलीवर, तेही पुष्कळ घरांत एकाच खोलीत. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला की वर न जाता जमिनीलगत पसरतो, आणि जमिनीलगत पऱ्हाटी किंवा तुराट्यांचा विस्तव असतोच. गॅस सिलिंडर नियम, 2016 मध्ये ही सिलिंडरं उभीच ठेवायची असं सांगितलेलं आहे, मग मेसेज कोणीही पाठवलेला असो. उकळत्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. दाब किती वाढेल हे तुमच्या हातात राहत नाही, आणि बुड गंजतं ते वेगळंच.

सिलिंडरच्या या उपायात अर्ध सत्य आहे ते नाइलाजाने मान्य करतो. पातळ गॅसाची वाफ होताना तो स्वतः थंड पडतो, आणि डिसेंबरच्या पहाटे आधीच गारठलेल्या सिलिंडरचा दाब आणखी उतरतो. म्हणून ज्योत बारीक होते, पण गॅस संपलेला नसतो. अशा वेळी एकच बर्नर बारीक चालवा. दुपारी घर तापलं की तोच सिलिंडर उभ्याउभ्या पुन्हा नीट चालतो. किती उरलाय हे पाहायचं तर रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कड्याखालच्या पट्टीवर कोरलेलं असतं. रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर कापसाच्या काट्यावर उभा ठेवा आणि ते वजन वजा करा. 14.2 किलोचा सिलिंडर 900 रुपयांना धरला तर पाव किलो उरलेला गॅस म्हणजे सोळा रुपये. एवढ्यासाठी घर पणाला लावायचं का, ते ज्याचं त्यानं पाहावं. आणि वास आलाच तर रेग्युलेटर बंद, चूल विझवा, दारं उघडा, लाईटच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन 1906 ला फोन.

मीठ! काऊन बाप्पा? मिठानं पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, कमी होत नाही. लिटरभर पाण्यात जवळजवळ 60 ग्रॅम मीठ घातलं तर एखादा अंश वाढतो. चिमटीनं काहीच होत नाही. उकळीला आलेल्या पाण्यात मीठ टाकलं की फसकन बुडबुडे येतात, कारण वाफेला धरायला कण मिळतात. तो फेस पाहून कोणीतरी शोध लावलाय. वाचत काहीच नाही, चहा तेवढा खारट होतो.

‘पत्ती कमी, उकळा जास्त’ हा खरा खर्चिक सल्ला, आणि तोच सगळ्यांना पटतो. दहावीच्या विज्ञानातला अप्रकट उष्मा आठवा: उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करायला 540 कॅलरी लागतात. चार कप म्हणजे अर्धा लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला न्यायला साडेसदतीस हजार कॅलरी. त्यातलं 100 मिलिलिटर आटवलं की चोपन्न हजार. म्हणजे एक लहान कप वाफ उडवायला चार कप तापवण्याहून जास्त गॅस जातो. बरं, उकळीनंतर ज्योत कितीही मोठी केली तरी पाणी तापत नाही, नुसतं आटतं.

त्यापेक्षा असं करा. पाणी कपानं मोजून घ्या, आणि उन्हाळ्यात माठातलं गार पाणी चहाला घेऊ नका. स्टीलच्या गुंडातलं पिण्याचं पाणी घ्या. गंजावर, म्हणजे चहाच्या पातेल्यावर, झाकण ठेवा. ठेचलेलं आलं सुरुवातीलाच पाण्यात टाकून उकळू द्या. कच्चं आलं दुधात पडलं तर त्यातल्या पाचक द्रव्यानं दूध फाटतं. उकळी आली की पत्ती, एक मिनिट बारीक गॅस, मग बंद करून तीन-चार मिनिटं झाकण. रंग गॅस बंद असतानाही उतरतो. सकाळचं दूध तापवल्याबरोबर चहा मांडला तर गरम दूध आयतं मिळतं. थंड दूध असेल तर एक उकळी पुरे. गुळाचा चहा असेल तर गूळ गॅस बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटून नासतं.

मोठी ज्योत? बुडाच्या बाहेर गेलेली ज्योत गंजाच्या कडा आणि कान तापवते, बस्स. पिवळी ज्योत किंवा काळं बुड दिसलं तर बर्नरची भोकं पिनेनं साफ करा, पण जेटचं, म्हणजे गॅस बर्नरमध्ये सोडणाऱ्या तोटीचं, भोक मोठं करू नका.

केटलीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लिटरभर पाण्याला सुमारे 0.1 युनिट लागतं. मात्र 100 युनिटच्या वर पुढच्या युनिटांचा दर वाढतो, तेव्हा आपल्या बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर लावून हिशेब करा. लाईन कमी असेल, समजा 180 व्होल्ट, तर 1500 वॅटची केटली 900 च्या आसपासच चालते आणि पाण्याला वेळ लागतो. दूध तिच्यात घालू नका, ते बुडाला करपतं आणि उतू जाऊन खाली कनेक्शनमध्ये शिरतं. कोऱ्या चहाला मात्र उत्तम: पाणी थर्मासमध्ये भरून वावरात न्या, थर्मास आधी गरम पाण्यानं खळबळून घ्या. खारपाणपट्ट्यातल्या घरांत केटलीच्या तळाला पांढरा थर चढतो आणि ती मधेच बंद पडू लागते. लिंबूसत्वाचं पाणी उकळून अर्धा तास ठेवा, ते फेकून द्या, आणि पुढचं एक पाणीही फेका.