'गावाकडचे म्हातारे सुखी' म्हणे!

घरच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मित्रांच्या, सगळ्या ग्रुपांवर एकच मजकूर फिरतोय. शहरातले म्हातारे फ्लॅटमध्ये एकटे कुढतात. गावातले ऐंशीतही शेतात राबतात, बीपी-शुगर त्यांना ठाऊक नाही, नातवंडं अंगाखांद्यावर असतात. म्हणून तर वृद्धाश्रम शहरातच निघतात!

'ऐंशीतही राबतात.' हौसेनं का? शेतकऱ्याला, मजुराला पेन्शन नाही. श्रावणबाळ योजनेत 65 नंतर महिना 1500 रुपये मिळतात, तेही वर्षाचं उत्पन्न 21,000च्या आत असेल तर, म्हणजे दिवसाला जेमतेम 58 रुपये. केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन 60 ते 79 वयासाठी 200 रुपये आहे. 2007 पासून तो आकडा हललेला नाही. मग खुरपायला जावंच लागतं. याच वयाचा शहरी माणूस पोटासाठी वॉचमनची रात्रपाळी करतो तेव्हा त्याच्या काटकपणाचं कौतुक कुणी फॉरवर्ड करत नाही.

'नातवंडं अंगाखांद्यावर.' असतात ना, बीडच्या वाड्या-तांड्यांवर. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ती पाच-सहा महिन्यांनी परततात. तोवर मागे राहिलेल्या पोरांचं जेवण, शाळा, ताप-खोकला सगळं म्हातारीकडे. तिचे गुडघे दुखतात हे विचारायला घरात मोठं माणूस नाही. कोकणात उलटं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. तिथं नातवंडं दिसतात गणपतीत आणि मे महिन्यात.

'एकटे शहरातच.' मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये देशभरातल्या 72 हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. साठीपुढचे एकटे राहणारे गावांत शहरांपेक्षा थोडे जास्तच निघाले, नैराश्याची लक्षणंही. शहरात एकटेपण नाही असं मुळीच नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अडकलेले आजोबा आहेतच.

'बीपी-शुगर नाही.' मधुमेह शहरात जास्त आहे, हे खरं. पण बीपी मोजल्याशिवाय कळत नाही, आणि गावात पुष्कळांना ते कळतं लकवा मारल्यावर. एसटीचा प्रवास 75 वर्षांपुढे 2022 पासून फुकट आहे, पण दवाखान्याच्या वेळेला गाडी तर हवी.

राहिला वृद्धाश्रम. तो निघतो जिथं पैसे भरणारे असतात तिथं. तो नाही म्हणजे मुलं सांभाळतात, हे कुणी ठरवलं? 2007च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कायद्यानं आईवडील मुलांकडून निर्वाहभत्ता मागू शकतात. अर्ज प्रांताधिकाऱ्याकडे करायचा. पण भावकीत राहून पोराविरुद्ध अर्ज कोण करणार? त्याच कायद्यात आणखी एक सोय आहे. सांभाळण्याच्या अटीवर जमीन बक्षीस म्हणून लिहून दिली आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. वाटणीच्या वेळी ही अट कागदावर घ्या असं सांगणारा मजकूर मात्र मला अजून एकाही ग्रुपवर आलेला नाही.