‘एक्स-रे नीट, म्हणजे मुरगळणेच’ या प्रतिक्रियेस उत्तर

आदरणीय वाचक,

मनगटाच्या दुखापतीवरील माझ्या लेखाला आपण साताऱ्याहून पाठवलेली प्रतिक्रिया ‘गुगल वाचून डॉक्टर झालेल्यांनी’ या शब्दांनी सुरू होते. मतभेद असावेत, पण ओळखपाळख नसलेल्या माणसाशी बोलायला अशी सुरुवात करणे कोणत्या रीतीत बसते, हे मला समजले नाही. आपली एक दुरुस्ती मात्र मान्य आहे. मनगटात लहान हाडे ८ असतात, मी ७ लिहिली होती. चूक माझी.

आता आपल्या त्या वाक्याविषयी. ‘एक्स-रे नीट असेल तर ते मुरगळणेच, तेल चोळून पट्टा बांधला की तीन आठवड्यांत बरे होते.’ एक्स-रेमध्ये हाड दिसते, अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे) आणि कूर्चा (सांध्यातला लवचिक, गादीसारखा भाग) दिसत नाहीत. फार तर अस्थिबंध तुटल्याची खूण दिसते: स्कॅफॉइड आणि ल्युनेट या मनगटातल्या शेजारच्या हाडांना बांधून ठेवणारा अस्थिबंध पूर्ण तुटला, तर त्यांच्यामधली फट ३ मिलिमीटरपेक्षा रुंद होते, आणि तीही पुष्कळदा मूठ घट्ट आवळून फोटो काढला तरच. ही दुखापत मुरगळणे समजून सोडून दिली, तर हाडे हळूहळू जागा सोडतात आणि काही वर्षांनी सांधा झिजतो. करंगळीच्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत येणाऱ्या अल्ना हाडाच्या टोकाशी, त्रिकोणी कूर्चा आणि भोवतीचे अस्थिबंध मिळून एक गादी असते. डॉक्टर तिला टीएफसीसी म्हणतात. तिच्या कडेला रक्तपुरवठा असतो, मधल्या भागाला जवळजवळ नसतो; म्हणून कडेची फाट टाके घातल्यास सांधू शकते, मधली सहसा सांधत नाही. आपले तीन आठवडे यांपैकी कोणत्या फाटीसाठी आहेत?

मी हे ऐकीव लिहीत नाही. २०१६ च्या पावसाळ्यात सांगलीत कृष्णेच्या घाटावर शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो आणि उजवा तळहात टेकून पडलो. एक्स-रे स्वच्छ. एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तालमीतल्या एका वस्तादांनी मनगट ओढून ‘कट्’ असा आवाज काढला आणि आंबेहळदीचा लेप दिला. त्यानंतर सात महिने मला पंचा पिळता येत नव्हता, कुलपात किल्ली फिरवताना कळ येई, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठता येत नसे. शेवटी मिरजेच्या एका शल्यचिकित्सकांनी करंगळीच्या बाजूच्या खळगीत बोट दाबले आणि मी ओरडलो. एमआरआय त्यानंतरचा. दुर्बिणीतून टाके घातले आणि प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत, कारण कोपर मोकळे राहिले तर हात पालथा-उताणा फिरतो आणि टाक्यांवर ताण येतो. सहा आठवडे मी डाव्या हाताने जेवलो. आपण यालाच ‘पैसेवाल्यांचे चोचले’ म्हणता!

सरसकट शस्त्रक्रिया करा, असे मी कोठेही म्हटलेले नाही. सांधा डळमळीत नसेल तर आधी काही आठवडे स्प्लिंट आणि विश्रांती, नंतर व्यायाम, हे लेखाच्या चौथ्या परिच्छेदात आहे. तिथपर्यंत आपण पोहोचला नसाल, तर त्याला माझा इलाज नाही.

आपले चुलते चाळीस वर्षे तालमीत मनगटे बसवतात, याबद्दल त्यांच्याविषयी आदरच आहे. परंतु जे बरे झाले ते कंदी पेढे घेऊन त्यांच्याकडे आले. जे झाले नाहीत ते माझ्यासारखे गुपचूप मिरजेला गेले. त्यांची मोजदाद चुलत्यांकडे कशी असणार?

‘वय वाढले की न दुखणाऱ्या मनगटातही ही कूर्चा फाटलेली दिसते, मग एमआरआयवर विसंबायचे कसे’ हा आणि खर्चाचा असे आपले दोन मुद्दे उरतात. ते माझ्या लेखाचे विषय नव्हते, म्हणून त्यांत शिरत नाही. मूळ लेखात सातची आठ हाडे केली आहेत. बाकी मजकूर आहे तसाच राहील.