नवे टायर पुढे आणि हवा कमी? दोन्ही नको

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज हमखास फिरतो. "टायर कंपन्या हे तुम्हाला सांगणार नाहीत" अशी सुरुवात आणि शेवटी जोडलेले हात. मधला ऐवज असा: टायर बनून चार वर्षं झाली की तो एक्सपायर, नक्षी कितीही असो, फेकून द्या. दोनच नवे घेत असाल तर पुढे लावा. एक साइझ रुंद घ्या, पकड वाढते. सिमेंटच्या रस्त्यावर हवा चार-पाच पॉइंट (पीएसआय) कमी ठेवा आणि नायट्रोजनच भरा, म्हणजे टायर फुटत नाही. आणि टायरवरचं इंग्रजी अक्षर चुकीचं असेल तर गेलात. यातलं शेवटचं अर्धं खरं आहे, पहिलं पाव. मधल्या दोन गोष्टी मात्र सरळसरळ घातक आहेत, म्हणून हा खटाटोप.

आधी ती चार वर्षं. टायरच्या बाजूला 'डॉट'ने सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. (पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते. ती आतल्या अंगाला गेली असेल तर खाली मोबाइल धरून फोटो काढा.) ही जन्मतारीख झाली, एक्सपायरीची तारीख टायरवर कुठेच नसते. आपल्या मोटार वाहन नियमांत कारच्या टायरला मर्यादा आहे ती नक्षीच्या खोलीची, १.६ मिलिमीटर. मिशेलिन सांगते की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की दिसायला चांगला असला तरी काढा. काही कार कंपन्या सहा वर्षं म्हणतात. चारचा आकडा यात कुठेच बसत नाही.

पाव खरं एवढंच, की ऊन रबराला खातं. चंद्रपूरला उघड्यावर उभी असलेली, महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी गाडी घ्या. नक्षी कोरी, पण बाजूला बोटाच्या नखाला जाणवतील अशा बारीक भेगा. असा टायर पाचव्या वर्षीही खुशाल काढावा. उलट रोज पुणे-चाकण करणाऱ्याचा टायर वयाआधी झिजूनच संपेल. नक्षीच्या खोबणीत मधेमधे आडवे उंचवटे असतात, रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर नियमानेच बाद. पावसाळ्याच्या तोंडावर मी तेवढीही वाट पाहत नाही, तीन मिलिमीटर उरली की बदलतो.

आता नवे टायर पुढे लावण्याचं. युक्तिवाद पटण्यासारखा आहे: स्टिअरिंग पुढे, इंजिन पुढे, ब्रेकचा भार पुढे, मग चांगले टायरही पुढेच हवेत. दुकानातही न विचारता तसेच बसवतात. पण टायर बनवणाऱ्या कंपन्या नेमकं उलटं सांगतात, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. कारण पावसात कळतं. आंबोली किंवा कशेडीच्या घाटात, वळणावर साचलेल्या पाण्यात पुढचे टायर तरंगले तर गाडी वळायला नाखूश होते. स्टिअरिंग हलकं लागतं, आपण घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, वजन पुढे येतं आणि पकड बहुधा परत मिळते. तेच मागचे गोटा टायर सुटले तर गाडीची शेपटी बाहेर फिरते. तिथे पाय काढला की मागचा भार आणखी कमी होतो आणि गाडी गरकन फिरते. घाबरल्यावर माणूस पाय काढणारच, म्हणून मागची पकड पुढच्यापेक्षा कमी असता कामा नये. शिवाय जुने दोन पुढे गेले की तिथे लवकर झिजतात आणि वेळेवर बदललेही जातात. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तरी "नवे मागे टाक" म्हणून उभं राहायचं.

रुंद टायरबद्दल फार लिहायला नको. तेवढ्याच वजनाची गाडी रुंद टायरवर पाण्यात लवकर तरंगते, स्टिअरिंग जड होतं, ॲव्हरेज पडतं. स्विफ्टला व्हेरियंटनुसार १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ असे दोन साइझ कंपनीने दिले (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; शेवटचा डिस्कचा, म्हणजे रिमचा, इंचांत). टायरचा बाहेरचा व्यास मोजला तर दोघांत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक. म्हणजे रुंदी वाढवताना कंपनीने डिस्कही बदलली आणि उंचीचा हिशेबही सांभाळला. आपण नुसतं "एक नंबर रुंद दे" म्हणतो तेव्हा हा हिशेब कोणी करत नसतं.

सगळ्यात वाईट सल्ला हवेचा. गरम झाल्यावर हवा फुगते, हे खरं. ३३ पॉइंट भरलेल्या टायरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पॉइंटने वाढतो. पण ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो आणि ही वाढ धरूनच ठरवलेला असतो. हवा कमी केली तर टायरची बाजू जमिनीला लागताना प्रत्येक वेळी जास्त दबते. ताशी १२० किलोमीटरला स्विफ्टचं चाक सेकंदाला सतरा वेळा फिरतं. सेकंदाला सतरा वेळा तीच जागा दुमडायची, आत पाच माणसं, डिकीत बॅगा, असं नागपूर ते शिर्डी. त्या दुमडण्यानेच टायर आतून तापतो आणि सुटतो. म्हणजे फुटू नये म्हणून केलेला उपाय फुटायलाच हातभार लावतो. भरल्या गाडीसाठी स्टिकरवर बहुधा जास्त हवेचा वेगळा आकडा असतो, तो पाळायचा. टायरवर लिहिलेला ४४ किंवा ५१ हा कमाल दाब आहे, भरायचा आकडा नव्हे. आणि टोलनाक्यावर थांबून गरम टायरमधली हवा सोडायची नाही.

नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो आणि तापल्यावर तोही तेवढाच फुगतो. टायरमधून किंचित हळू निसटतो, हा खरा फायदा. वाटेत साधी हवा भरावी लागली तर काही बिघडत नाही.

अक्षराचं म्हणाल तर ते टायरचा कमाल वेग सांगतं: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, टी १९०, एच २१०. समृद्धीवर कारला परवानगी १२० ची. कंपनीने दिलेल्यापेक्षा खालचं अक्षर घेऊ नका, एवढं पुरे. त्याच्या शेजारचा भाराचा आकडा मात्र सात जणांना घेऊन फिरणाऱ्यांनी नक्की बघावा: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. स्वस्तातला टायर घेताना हाच आकडा हळूच खाली घसरतो.

मेसेजमध्ये स्टेपनीचा उल्लेखच नाही. वयाचा प्रश्न खरा तिलाच लागू पडतो: सहा-सात वर्षं डिकीत पडलेली, नक्षी नव्यासारखी, हवा कधी बघितलेली नाही. चारही चाकांना नवे टायर घालून "एक जुनी स्टेपनी आहे की" म्हणताना तिचेही चार आकडे वाचा. काही गाड्यांत ती लहान साइझची असते आणि तिच्यावर ताशी ८० चा स्टिकर असतो. हवा सामान भरायच्या आधी तपासा, नंतर सगळ्या बॅगा रस्त्याच्या कडेला काढाव्या लागतात.